निमाणीचं तिकीट

सातपूर कॉलनीत, पिठाच्या गिरणीच्या वर,
शनिवारी चारला आम्ही सतरंजीवर गोल बसतो.
खाली पट्टा फिरतो, फरशी थरथरते,
कुणाचं तरी ज्वारीचं दळण
आमच्या वाक्यांमधून जातं.
गोसावी मॅडम म्हणतात, या इमारतीला आधीपासून सवय आहे
एकच अक्षर घोकायची.

माझं नाव प्रसेनजित पगारे.
लिहायला सोपं आहे.
तोंडाने सांगायचं तर दोन्ही दारांत प उभा,
ओठ मिटून.
शाळेत हजेरीला मी नुसता हात वर करायचो.
कंपनीच्या गेटवर कार्ड दाखवतो.
सीएनसी मशीन नाव विचारत नाही,
म्हणून तेच शिकलो.
आणि घर कुठे, तर पंचवटीत. घ्या!
सहा वर्षं झाली, तिकीट निमाणीचं काढतो.
न चांगला आहे, जिभेला टेकून निघतो.
पाच रुपये जास्त, आणि उलटं चालत येणं.

ईश्वरी गांगुर्डे सात वर्षांची, र ला ल म्हणते,
तिच्या पप्पांची लिक्षा आहे.
जुनेद पिंजारीला द्वारकेच्या चौकात ट्रकने उडवलं.
चमचा दाखवला की तो म्हणतो, ते... ते... भाजी,
आणि स्वतःच मान हलवतो, नाही, नाही.
त्याची अम्मी दाराबाहेर चपलांपाशी बसून
त्याच्या जागी ओठ हलवते.
ओजस बोलत नाही. त्याच्याकडे चित्रांची वही आहे,
कडा चावलेली.

आज वीज नव्हती.
गिरणी बंद.
आणि मॅडमनी नेमका आजच फोनचा दिवस ठरवलेला:
दुकानात फोन लावायचा, नाव सांगायचं,
किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारायचं. स्पीकरवर.

मी कॉलेज रोडची एक बेकरी लावली.
हॅलो, पलीकडून.
प
प
मग प पण नाही,
नुसती गळ्याची शीर.
एरवी ही जागा गिरणी भरून काढते.
आज सगळं ऐकू येत होतं,
दुसरं हॅलो, तिसरं,
"रेंज नाही यांना", आणि कट.

कुणी हसलं नाही.
असू दे, असंही म्हणालं नाही कुणी.
गटाचा एकच नियम आहे,
दुसऱ्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही.
बाहेर हा नियम माहीत नाही लोकांना.
बाहेर सगळे मायाळू, आणि घाईत.

ओजसने वही माझ्या मांडीवर ठेवली,
एका चित्रावर बोट. गोल वळून येणारा बाण:
पुन्हा.
हा बाण तो बागेत झोक्यासाठी वापरतो.

पुन्हा लावला.
माझं बोलणं अडतं, जरा थांबाल का,
हे आधीच सांगून टाकलं.
पलीकडे पाव मोजल्याचा आवाज.
"बोला, मी आहे इथेच."
मग ओठ हलके टेकवले, गरम बशीला टेकवावेत तसे.
प... प्रसेनजित बोलतोय. किती वाजेपर्यंत?
साडेनऊ, बाई म्हणाल्या, पण खारी आठलाच संपते.

"खाली आठलाच संपते!" ईश्वरीने सगळ्यांना सांगितलं.
जुनेदने फरशीकडे बघितलं, खालच्या शांततेकडे,
आणि म्हणाला, सरळ, काही न शोधता,
"गिरणी."
दाराबाहेर अम्मीचे ओठ तिथेच थांबले.
मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागल्या, बराच वेळ.

परतताना बसमध्ये गर्दी.
ओळखीचा कंडक्टर शालिमारला माझ्यापाशी पोचला.
मी म्हणालो, पं
रविवार कारंजा गेला,
पूल लागला, खाली गोदावरी,
चवटी.
पंचवटी.

तिकीट केव्हाच माझ्या हातात होतं. निमाणी.
त्याने विचारलंच नव्हतं,
तो पुढच्या सीटपर्यंत गेलासुद्धा.
शेजारच्या मावशी म्हणाल्या, आलं बरं का पंचवटी,
उतरा.

मी उतरलो.
पाच रुपयांची वाट तिकिटात शिल्लक होती.
ती बस घेऊन गेली.