पाच मिलिमीटर

गूळ मार्केटच्या अंगाला, जिथं काकवीचा वास
डिझेलमध्ये मिसळून घशाला कडू लागतो,
तिथं सहा रूळ एकमेकांवर रेलत रेलत
चार होतात, मग दोन,
आणि वळिवड्याकडं निघताना
एकटाच उरतो एक.
तिरुपतीची गाडी असो, गोंदियाची असो,
दिल्लीची असो,
सगळ्यांना आधी ह्याच एका रुळावरून
रुकडी, हातकणंगलं करत जायचं.
फाटे फुटायचे ते पुढं, मिरजेत.

बाबालाल मुजावर म्हणाले, ह्याला सांधा म्हणायचं.
मी नवीन. तिसरीच रात्रपाळी.
म्हटलं, काका, फुटतंय तिथं सांधा कसा?
ते खाली बसले नाहीत.
बसलं की उठायला कुणीतरी लागतं त्यांना.
पंचवीस वर्षं लिव्हर ओढला हातानं,
मग मोटर आली,
तोवर गुडघ्यातले दोन्ही सांधे निसटलेले.
उभ्यानंच बुटाच्या टोकानं दाखवलं:
ही जीभ. हिकडं चिकटली की मिरज,
तिकडं चिकटली की तीन नंबर.
आणि मधे राहिली तर?
"मधे राहिली तर चाक दोन्हीकडं जायला बघतंय.
त्याला वाटतंय, जमंल."

खिशातनं त्यांनी पत्र्याचा तुकडा काढला,
कडा झिजून चकाकणाऱ्या.
जिभेच्या आणि रुळाच्या मधे धरला
आणि केबिनला सांगितलं, फिरवा.
मोटर गुरगुरली. अडली.
"अडली पायजे," बाबालाल म्हणाले,
"पाच मिलिमीटरला अडली नाही, तर घाबरायचं."
निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि घड्याळ
त्यांनी नेलं,
पत्रा माझ्या हातात ठेवला.

माझ्या खिशात आणखी एक कागद असतो.
बदलीचा अर्ज. आठ महिन्यांपूर्वीचा.
नवरा सोलापुरात, टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला,
दर रविवारी फोनवर विचारतो, दिलास?
दिला नाही.
फाडलाही नाही.

इथली गाडी बफरपाशी येऊन थांबते.
पुढं रूळ नाही, भिंत आहे,
भिंतीपलीकडं रिक्षावाले भांडतात.
इंजिन सुटतं,
शेजारच्या रुळावरनं गुपचूप मागं येतं
आणि शेपटाला लागतं.
सगळ्यात शेवटचा डबा सगळ्यात पहिला होतो,
आत बसलेल्या बाईला कळतही नाही.
ती डबा उघडून धपाटं मोडत असते.

काल रात्री केबिनमधून आवाज आला,
कुंभारे, अठरा नंबर लागत नाही.
गाडी सुटायला नऊ मिनिटं.
बॅटरी घेऊन पळाले. खडीवर दोनदा पाय मुरगळला.
जीभ उघडी, बोटभर.
आत उसाचं कांडं, अर्धं चावलेलं,
कुणा पोरानं खिडकीतनं भिरकावलेलं,
आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग,
तीही दोन्हीकडं निघालेली.
रुळावर हात टेकून ओढलं.
निघेना. मग निघालं.
फिरवा, म्हटलं.
खट्.

गाडी डोक्यावरनं गेल्यासारखी गेली.
एकेक डबा सांध्यावर अडखळत
आणि पुढच्या क्षणी विसरत.
गार्डानं हिरवा दिवा हलवला, मीही हलवला,
बोटं चिकट झालेली.
मग लाल ठिपका वळिवड्याकडं गेला
आणि एकटा रूळ बराच वेळ
कण्हत राहिला, कुंथत राहिला, गप्प झाला.

घरी येऊन अर्ज काढला.
घामानं मऊ पडलाय, घड्या फाटायला आल्यात.
पत्र्याच्या शेजारी ठेवून मोजला.
पाच घड्या घातल्या की
चार मिलिमीटर भरतो.

म्हणजे अजून चालतंय.