धूर निवळेपर्यंत

वीट काढू नकोस, इत्सुकी. भट्टीचं तोंड बंदच राहू दे.
आत उबामेची लाकडं दाटीनं उभी आहेत
आणि तुझ्या एका झरोक्यापायी
सकाळी माझ्या हाती नुसती राख यायची.

ओसाकाहून आलात सुट्टीला, विज्ञानाची वही घेऊन.
पहिल्याच पानावर माहोरोनं लिहिलंय, ‘लाकूड जळते.’
खोड ते.
लाकूड जळत नाही गं. निदान आधी तरी नाही.

तो पीचचा रिकामा डबा आण.
ढलप्या भर, झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाड,
ठेव निखाऱ्यांवर.
आधी येईल ती वाफ, झाडात मुरलेलं पाणी.
मग पिवळट धूर, डोळ्यांना झोंबणारा,
खारवलेल्या उमेसारखा आंबूस.
लाकडाचे लांबलचक रेणू तापून तुटतायत,
तुकडे वायू होऊन भोकातून पळतायत.
आता ओढ काडी.
लाकडाला नाही, धुराला लाव.

बघितलंस?
ज्योत भोकावर उभी, आणि लाकूड खाली कोंडलेलं.
जळतोय तो वायू.
त्यातला कार्बन, त्यातला हायड्रोजन
हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातोय.
जुने बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते,
नवे जुळताना त्याहून जास्त परत मिळते.
वरची शिल्लक तुझ्या गालांना लागतेय.
आणि पिवळा रंग? ती काजळी,
अजून न जळलेल्या कार्बनचे कण, तापून उजळलेले.
ज्योतीत चमचा धर, काळे सापडतील.

विझली. झाकणाला हात लावू नकोस, गार होऊ दे.
आत उरलाय कोळसा,
ज्याला ऑक्सिजन भेटलाच नाही तो कार्बन.
माझी भट्टी म्हणजे हाच डबा, मातीचा, मोठा,
ज्याच्यापायी बायकोमाणसानं आठ-आठ रात्री जागायचं.

काट्यावर बारा ग्रॅम कोळसा घे.
पुरता जळाला की लोक म्हणतात, संपला.
संपतोय कुठला!
बारा ग्रॅम त्याचे, बत्तीस ऑक्सिजनचे,
चव्वेचाळीस ग्रॅम वायू होऊन तुझ्या नाकासमोरून निघून गेला.
गेला तो गेलेला दिसला नाही, एवढंच.
त्या उतारावरचं झाड त्यातूनच पुन्हा लाकूड करील,
पानांतून, उन्हाच्या जोरावर, सावकाश.

हे मात्र वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.
एका कार्बनला दोन ऑक्सिजन लागतात.
हवा कमी पडली तर एकावरच भागवतो तो,
आणि त्या अर्धवट वायूला रंग नाही, वास नाही,
खोकलासुद्धा येत नाही.
रक्तात शिरला की ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.
माझा भाऊ हेइसुके, फेब्रुवारीत,
गाडीत शेगडी घेऊन झोपला. काचा वर.
पहाटे मी दार उघडलं, तर चेहरा गुलाबी,
वाटलं, बरा झोपलाय.
मी त्याला दोनदा हाक मारली. नंतर चहा ओतला.
नंतर कळलं.

शेगडी घरात नाही. तंबूत नाही. गाडीत नाही.
लिहिलंत?

कोळसा उगाळावा तितका काळा, म्हणतात.
आमचा उगाळू नका, वाजवून बघा.
काल काढलेले दोन घ्या, एकमेकांवर टेकवा.
किण्ण.
शेवटच्या रात्री हळूहळू हवा देतो आपण,
उरलासुरला वायू जळून जातो,
आतला लाल पांढरा होत जातो, हजार अंशांच्या वर,
आणि मग ओल्या राखवाळूखाली पुरतो त्याला,
एका श्वासाचीही उसंत न देता.
म्हणून तो वाजतो.
घाई केली तर नुसता चुरा.

कधी, म्हणून विचारतोस?
घड्याळ नाही बघायचं. धुराडं बघ.
पांढरा होता, संध्याकाळी निळा झाला.
आता... थांबा.
माहोरो, त्या धुरापलीकडे काय दिसतंय?
डोंगर?
झाडं वेगळी वेगळी?

इत्सुकी, आता.
एक वीट. एकच.