वासाचा रकाना

बरणीला बाबांनी रबर बँड लावलाय,
आंबवण कुठवर चढलं ते कळावं म्हणून.
शेजारी शंभर पानी वही:
तारीख, वेळ, तापमान, वास.
वासाच्या रकान्यात काल लिहिलंय ‘ताक’,
परवा ‘नेलपॉलिश’,
आणि एका सोमवारी नुसतंच ‘बरं आहे’.

तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या रंगांची आम्लता मोजली त्यांनी.
कंपनी गुजरातेत हलली, हे नाही हलले.
तेव्हापासून घरात बोलणं
ब्युरेटमधून पडावं तसं,
थेंब. मग बराच वेळ काही नाही.

मी रात्रपाळीला.
ऐरोलीच्या टोकाला ती बिनखिडक्यांची इमारत,
आत लाखो लोकांचे फोटो, पगार, भांडणं
थंडगार करून ठेवलेली.
तिथे वीज क्षणभरही जात नाही.
ती जाऊ नये याचाच मला पगार.

निघण्याआधी पीठ भिजवते:
अर्धी खपली, अर्धा साधा गहू, दिवा गावातल्या गिरणीतला.
आपल्या आधी कुणाची तरी ज्वारी दळलेली असते,
ती येतेच थोडी. येऊ दे.
नऊला बाबा पहिली घडी घालतात, साडेनऊला दुसरी.
सकाळी मी सुजलेल्या पोटऱ्या घेऊन परतते
तर फ्रिजमध्ये, भेंडी आणि जवळ्याच्या डब्यामध्ये,
ओल्या पंचाखाली
कुणीतरी गाढ झोपलेलं.

‘पॅं द कांपान्य,’ मी एकदा वाचून दाखवलं.
‘म्हणजे?’
‘खेड्यातला पाव.’
‘कुठलं खेडं?’
मला सांगता आलं नाही.
आमच्या खिडकीतून दिसतं तेही आता
फक्त बसच्या पाटीवर गाव आहे.

रविवारी बाबांनी दाढीच्या नव्या पात्यानं
गोळ्यावर एकच चीर दिली,
श्वास रोखून, हनुवटीखाली देतात तशी.
बिडाचं तापलेलं पातेलं, झाकण, ओव्हन बंद.
अकराव्या मिनिटाला वीज गेली.

मी शिवी दिली, माझ्या खात्यालाच दिल्यासारखी.
बाबा उठले.
कढईत मिठाची अख्खी पिशवी ओतली, गॅस पेटवला,
टॉवेलच्या घड्यांत पातेलं उचलून त्यात रोवलं,
झाकणावर तापलेला तवा उपडा घातला.
‘सँड बाथ,’ म्हणाले. ‘वाळू नसेल तर मीठ.
उष्णतेला काय कळतंय.’

आणि मग न विचारता बोलत राहिले,
त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, पाऊण तास.
रात्रपाळीतला तांडेल म्हणे
हॉट प्लेटवर पाव भाजायचा,
अमोनियाच्या वासात तो एक वास.
एकदा साहेब आले अचानक,
तर पाव धुराच्या कपाटात दडवला,
आणि साहेबांनी नेमकं तेच उघडून पाहिलं.
‘मग?’
‘मग काय. त्यांनी लोणी मागितलं.’

पाव खालून कोळसा, वरून फिका,
एका कुशीला कललेला, चीर नीट उमललीच नाही.
जाळीवर ठेवला तर तडतडू लागला.
बाबांनी कान जवळ नेला,
यंत्र लावलेला, उजवा.

खालच्या मढवीकाकूंनी तुकडा मोडून हुंगला:
‘हा तर आमचा आंबवलेला घावनच, अंगानं भरलेला.’
कवच बाबांच्या कवळीला झेपेना,
त्यांनी ते आमसुलाच्या सारात बुडवलं
आणि करपलेलंही सोडलं नाही.

मधेच वीज आली.
ओव्हन रिकामाच तापत राहिला,
आम्ही दोघंही उठलो नाही.

संध्याकाळी कामावर निघताना वही चाळली.
तापमान: माहीत नाही.
वासाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकलेलं दिसत होतं,
शाईचा ठिपका पसरला होता.
त्याच्या पुढे, सुवाच्य अक्षरात:
तांडेल.