अर्थिंगला पाणी

घेतला तेव्हा वजन विचारलं नव्हतं.
बत्तीस किलो. पंधरा इंची स्पीकर, काळं रेक्झिन,
एका कोपऱ्याची लोखंडी टोपी गायब,
आणि मागच्या फळीवर खिळ्यानं कोरलेलं:
एलियाझर भोरे, ब्रह्मपुरी.
त्याच्या पोरानं रिक्षात चढवायला हात दिला,
म्हणाला, पप्पांचा होता. जपा.
ठरल्यापेक्षा पाचशे कमीच घेतले त्यानं.
ते पाचशे मी अजून देणं लागतो, असं धरून चालतो.

दिवसा मी उद्यमनगरात मोटारी भरतो.
जळकं वाइंडिंग फोडायचं, वेढे मोजायचे,
नवी तार, वार्निश, मग उन्हात.
निम्मे बिघाड मला वासावरनं कळतात.
ह्याला वास नव्हता.
ह्याला नुसती गुणगुण होती.
बटण दाबलं की हुंऽऽ,
गिटार लावा, काढा, आवाज शून्यावर आणा, हुंऽऽ,
गंगावेशीत कट्ट्यावर धार संपल्यावर
म्हैस नाकातनं सोडते तसा.

जाड तारेवर तिसरा पडदा दाबून बघितलं.
गुणगुण त्याच्याहून केसभर चढी.
म्हणजे हा महावितरणचा सूर,
अख्ख्या कोल्हापूरच्या भिंतींतनं वाहणारा,
आणि माझ्या खोलीत येऊन बोलणारा.

केबल बदलली. पिन बदलली.
ट्यूबलाइट बंद, फ्रिज बंद, पंखा बंद.
वैजयंता अंधारात म्हणाली, मी पण बंद होऊ का?

लक्ष्मीपुरीत दस्तगीर मुल्लाणी.
टेपरेकॉर्डर गेले, डबा टीव्ही गेले, तो आहे.
आधी त्यानं कपॅसिटर रिकामे केले,
म्हणाला, प्लग काढला तरी ह्यांच्या पोटात राग राहतोय.
दोन टाळूवर फुगलेले. जॅकच्या डागाला
नखाच्या कडेएवढी भेग.
धूर, राळेचा वास, चष्मा कपाळावर.
मग चालू केला.
त्यानं कान लावला, मी कान लावला.
काही नाही.
आत एवढं काही नव्हतं
की बाहेरचा ऊसवाला ऐकू आला.
नऊशे घेतले. चहा त्याचाच.

घरी आणला. हुंऽऽ.

फोनवर दस्तगीर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, भावा, अँप बरा हाय. घर आजारी हाय.

न्हाणीच्या भिंतीलगत, शेजाऱ्याच्या बंद लुनाखाली
फरशीचा तुकडा. उचलला.
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सगळं जाग्यावर,
मुंग्या पण.
पण मे महिना. माती भट्टीतल्या वाळूसारखी.
आणि मी रोज गिऱ्हाइकाला सांगणारा,
उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालत जावा.

पहिली बादली मातीनं उभ्या उभ्या पिली.
दुसरीला बुडबुडे आले.
तिसरी वैजयंतानं आणली, न विचारता,
कपडे खळबळलेली.

आत आलो. बटण दाबलं.
गेली म्हणणार नाही.
दाराआड उभं राहून कुणीतरी श्वास धरलाय, एवढी उरली.

तशी माझ्या वाद्याची कुणाला खबर नसते.
गडहिंग्लजला एकदा ऐन गाण्यात फ्यूज उडाला.
गायक गात राहिला, कीबोर्ड वाजत राहिला,
मंडपात एकानंही मान वळवली नाही.
फक्त पुढं नाचणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पाय चुकला,
आणि तो थांबून
जमिनीकडं बघत राहिला.

आता दर रविवारी एक बादली.
शेजारची पिंकी लुनावर बसून विचारते,
काका, तिथं काय पेरलंय?
मी म्हणतो, थांब,
आत जातो, जाड तार मोकळी सोडतो.

न्हाणीतली रिकामी बादली
कडीसकट थरथरते.