तीन नंबर

एक फोन स्वयंपाकघरात, एक वर, लेकीच्या हट्टाचा,
एक अंगणापलीकडे, जोरीच्या इंजिनांच्या शेडमध्ये.
पोरगा तांब्याच्या तारा उपटतो,
पांढऱ्या डबीला तिन्ही नंबर शिकवतो.
“शेडचा बंद करू ना, मिसेस पेंगेली?”
“राहू दे. इथे ओट्यावर ठेव.”
“वीज गेली की मात्र सगळे मुके.”
कॉर्नवॉलच्या वादळात
जुना फोनच तेवढा जागा असायचा.

ती रिसीव्हर उचलते. तीच घूंऽऽ.
“खोटीये ती. लोकांना सवय म्हणून.”

तो गेल्यावर मॉर्वेना शेडचा नंबर लावते.
पूर्वी घंटा भिंतीपल्याड वाजायची,
“आलोच” म्हणायचा, सूप गार व्हायचं.
आता कोपराशीच वाजते.
उचलते.
दोन कानांना दोन रिसीव्हर :
तिचाच श्वास,
जरासा उशिरा.