मधला बॉल

बॉल दोघींच्या मधे पडला.
मी ओरडलो, माझा.
बसव्वा ओरडली, नंदू.
दोन्हीचा अर्थ एकच,
म्हणून तर दोघी पळालो.
खांद्यावर खांदा आपटला
आणि बॉल लाकडी फरशीवर
दोन उड्या मारून गप्प झाला.

पलीकडच्या पोरी उसासारख्या उंच,
एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या.
मगदूम सरांनी टाइमआउट घेतला.
निपाणीत वखारीमागच्या ग्राउंडवर
दोन वर्षं दोन भाषांत शिव्या दिलेला माणूस,
इथं परदेशात आवाज बारीक करून म्हणाला,
एक शब्द ठरवा गे. एकच.

रात्री हॉटेलच्या जिन्यावर बसलो सहाजणी,
मधे भडंगाची पिशवी.
ह्याच पिशवीपाशी विमानतळावर
कुत्र्यानं ठाण मांडलं होतं.
हातमोजेवाल्या साहेबानं बॅग उलटी केली:
भडंग, शेंगाचटणी, नीकॅप, टॉवेल,
आणि सगळ्याला तंबाखूचा वास.
आई दिवसाला हजार विड्या वळते,
घरात तो वास गादीला, वहीला, देवाच्या फोटोला.
साहेबानं माझा नीकॅप नाकाशी धरला
आणि शिंकला.
शमशाद हसून हसून खाली बसली.
मी तेवढा वेळ
दुसऱ्याच कॉलेजची असल्यासारखी उभी राहिलो.

तर शब्द.
माझा म्हटलं की गोकाकच्या दोघी गप्प,
नंदू म्हटलं की आम्ही.
"माईन" म्हणून बघितलं, हसूच आलं.
मध्यरात्र झाली, भडंग संपलं,
तळाचं मीठ-लसूण बोटानं पुसून खाल्लं.
मग शमशादनं तोड काढली:
आपलं म्हणायचंच न्हाई कुणी.
जिनं घ्यायचा, तिचं नाव दुसरीनं घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेटमधे
बॉल परत मधे आला.
मी ओरडलो, बसव्वा!
बसव्वा ओरडली, अंजाक्का!
दोघी थांबलो, लग्नाच्या पंगतीत
शेवटच्या लाडवापुढं थांबतात तशा.
बॉल पडला.
सरांनी डोकं धरलं.

पाच मॅच खेळलो, एक जिंकलो.
ती कशी, मला अजून सांगता येत न्हाई.
शेवटी शेवटी कोण काय ओरडत होतं
कुणालाच कळत नव्हतं, खरं
हात पोचत होते.

त्या गावात एक चौक होता,
अर्धा एका देशात, अर्धा दुसऱ्या.
मधे फरशीत एक गोल पट्टी.
सगळ्यांनी तिच्यावर पाय फाकवून फोटो काढले.
कुणी कागद मागितला न्हाई.
मला माझा पासपोर्ट आठवला:
शाळेच्या दाखल्यावर अंजना,
रेशनकार्डावर अंजन्ना,
बेळगावच्या तीन खेपा
आणि वकिलाचं एक अफिडेव्हिट
की ही बाप्या न्हवं, बाईमाणूस हाय,
आणि दोन्ही नावं तिचीच.
पट्टीवर एक कबूतर उभं होतं.
त्याला हुसकवायचं मन झालं न्हाई.

आईनं एकच विचारलं,
तिकडं बायका रिकाम्या हातानं बसत्यात व्हय?
मी म्हटलं, बघितलं न्हाई.
तिच्या बोटांचा वेग तेवढ्यापुरता कमी झाला,
मग दोरा, गाठ, सूप, पुढचं पान.
मला सेटरची बोटं कुठनं मिळाली
हे सरांना माहीत न्हाई.

आता संध्याकाळी ज्युनियर पोरींना मी शिकवतो.
आज एक बॉल दोघींच्या मधे गेला.
एक कागलकडची, एक हुक्केरीची.
एक माझा म्हणाली, एक नंदू,
खांदे आपटले, धूळ उडाली,
दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.
सांगण्यासारखं तोंडात आलं होतं.

मी रोलरवरनं उठलो,
बॉल उचलला, ट्रॅकपँटला पुसला,
आणि परत तिथंच टाकला,
दोघींच्या बरोबर मधे.