मीठुं

रेवाबांची वही कडेकडेने पिवळी, हळदीची.
सासूबाई गेल्यावर ती माझ्याकडे आली
तेव्हा एक ओळ लागत नव्हती मला.
डोक्यावर रेघच नाही अक्षरांना,
कौलं उतरवलेली घरं जशी.

आता शिरोड्याच्या या ओट्याशी
मी मुलांच्या फक्त एक पान पुढे असते.

आज कुठला शब्द, हेली विचारते.
मी कांदा उचलते : डुंगळी.
पार्थिव हसता हसता स्टुलावरून घसरतो,
का ते सांगायला नको.
चवळीची चोळी झाली, तेव्हा तर
आमटीत ब्लाऊज शोधत बसली दोघं.

केरीवर मात्र भांडण.
कैरी म्हणजे आंबट, तिखटमीठ लावून खायची,
पिकला की आंबा,
या मातीतलं पोर हे कसं सोडेल?
वहीत तर पिकल्यावरही केरीच.
"म्हणजे त्यांच्यात ती मोठीच होत नाही?"
पुढचं पान मी अजून वाचलं नव्हतं.

श्रावणातल्या वद्य सप्तमीला
आदल्या रात्रीची थेपली डब्यात,
शेगडीला हळदकुंकू, दिवसभर जाळ नाही.
टाढुं, मी म्हटलं.
दोघांनी बर्नरवर तळवे ठेवले
आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

दारातून मनोरमाकाकी :
"चूल पेटाक नाय आज? कोण गेला काय गो?"
"नाय काकी," हेली म्हणाली, "ती निजलीहा."

संध्याकाळी किरीट गोदामातून आला,
केसांत, भुवयांत मिठाची पूड.
मालवणीतच रागावतो तो, मालवणीतच हिशेब करतो,
आईची भाषा त्याने कुठे ठेवली, त्यालाच आठवत नाही.
मी सहज विचारलं, मीठ?
"मीठुं."
आणि गोड?

थेपलीचा तुकडा तोंडात तसाच राहिला.
"तेही मीठुं.
बा हाक मारायची तेव्हा… दुसरा शब्दही आहे एक,
पण ती हेच म्हणायची."

"मग कळायचं कसं?" पार्थिवला राग आला होता.
"चाखीने," तो म्हणाला,
आणि कुणी अर्थ विचारला नाही.

रात्री वाण्याची यादी लिहिली :
तूरडाळ, गूळ, काडेपेटी,
मीठ दोन किलो.
मिठावर रेघ द्यायची राहिली.